माफी न देता बांधलेली पट्टी

गेल्या महिन्यापासून आमच्या घरात दोन गोष्टींवर वाद चालू होता. एक, चाचांच्या नातीच्या लग्नाची पत्रिका. दुसरी, माझ्या दहावीतल्या मुलीनं नागपूरहून आणलेली जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आधी पत्रिकेबद्दल. आम्ही कोरपन्याचे. हा सगळा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे आमच्या वावराचे जुने कागद उर्दूत. आजोबांनंतर वावर दोन भावांत वाटलं गेलं आणि मधला धुरा कुठून जातो यावरून अब्बा आणि चाचांचं बिनसलं. १९९८ च्या पेरणीआधी धुऱ्यावरच हातघाई झाली. चाचांच्या हातातल्या दांड्यानं अब्बांचा उजवा हात मोडला. हाड जुळलं, पण हात सरळ झाला नाही. पुढे अब्बांनी कधी वखर धरला नाही. केस राजुऱ्याच्या कोर्टात बरीच वर्षं रेंगाळली आणि शेवटी थकून संपली. अब्बा गेले तेव्हा चाचा जनाजाच्या नमाजला शेवटच्या रांगेत उभे राहिले, मूठभर माती दिली आणि निघून गेले. त्यांच्याशी कोणी बोललं नाही.

आता मांगा. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ हे तिचं नाव. हिरोमू अराकावा या बाईंनी ती लिहिली आणि चित्रंही त्यांनीच काढली. २००१ ते २०१० अशी नऊ वर्षं एका मासिकात चालली, पुढे २७ खंडांत आली. अराकावा होक्काइडोतल्या शेतकऱ्याची मुलगी. शाळा संपल्यावर सात वर्षं घरच्या शेतात राबून मग चित्रं काढायला टोकियोला गेली. हे कळल्यावर मला पुस्तकाबद्दल जरा आपुलकी वाटली.

कथा दोन भावांची, एडवर्ड आणि अल्फोन्सची. साहस, लढाया, जादूसारखी किमया, सगळं आहे. पण मुलीचं भांडण एका प्रसंगाशी होतं. अमेस्ट्रिस देशाच्या सैन्यानं इश्वाल नावाच्या श्रद्धाळू जमातीचा जवळजवळ संहार केलेला असतो. त्या युद्धात एक डॉक्टर जोडपं स्वतःच्या सैन्याला न जुमानता जखमी इश्वालींवर उपचार करत राहतं. त्यांनीच वाचवलेला एक तरुण शुद्धीवर येतो, समोर शत्रूचे निळे डोळे पाहतो आणि वेदनेच्या, संतापाच्या भरात त्या दोघांनाच मारून टाकतो. हा स्कार. डॉक्टरांची पोर विन्री पुढे मोठी होते आणि एक दिवस तिला कळतं की आईबापांचा मारेकरी हाच. तिच्या हातात पिस्तूल येतं, पण गोळी सुटत नाही. नंतर पुन्हा भेट होते तेव्हा स्कार जखमी असतो, हातातून रक्त वाहत असतं. विन्री त्याला पट्टी बांधते.

‘‘अब्बा, हे खोटं आहे,’’ मुलगी म्हणाली. ‘‘असं कोणी करत नाही. लेखिकेला पुढे त्याला चांगल्या बाजूला आणायचं होतं, म्हणून करवलं.’’

तिची शंका रास्त होती. साहसकथांची ही जुनी खोड आहे. हरलेला शत्रू एका पानात दोस्त होतो. या मांगातही असे लोक आहेत, काल जीव घ्यायला आलेले आणि आज त्याच गाडीत बसलेले. आपल्याकडची दास्तान-ए-अमीर हमजा तरी कुठे वेगळी? अकबरानं तिची सुमारे १४०० मोठी चित्रं करवून घेतली होती, म्हणजे तीही एका अर्थी चित्रकथाच. तिच्यातही पहिलवान हमजांकडून हरतात, लगेच कलमा पढतात आणि जिवाला जीव देणारे साथी होतात. ऐकायला मजा येते. विश्वास बसत नाही.

पण पट्टीचा प्रसंग मी दुसऱ्यांदा वाचला तेव्हा एक गोष्ट दिसली. विन्री माफ करत नाही. तसं ती स्पष्ट सांगते. ती इतकंच म्हणते की आईबाबा असते तर त्यांनी हेच केलं असतं. आणि स्कारही माफी मागत बसत नाही. आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही, तुला माझा न्याय करायचा हक्क आहे, अशी त्याची भूमिका. दोघं मित्र होत नाहीत. पट्टी बांधून झाल्यावरही तो मारेकरीच असतो आणि ती अनाथच. म्हणून मला तो प्रसंग खरा वाटला. लेखिकेनं दोघांमधलं अंतर कमी केलं नाही, फक्त त्या अंतरातून एक हात पुढे आलेला दाखवला.

दास्तानीतल्या नव्हे, इतिहासातल्या हजरत हमजांची गोष्ट मी मुलीला सांगितली. उहुदच्या लढाईत त्यांना वहशी नावाच्या हबशी गुलामानं भाला फेकून मारलं. त्या बदल्यात त्याला गुलामीतून सुटका मिळणार होती. काही वर्षांनी वहशी इस्लाम स्वीकारून पैगंबरांसमोर (स.) आला. त्याचा इस्लाम कबूल झाला, कुठलाही बदला घेतला गेला नाही. पण पैगंबरांनी (स.) त्याला विचारलं, तू तुझा चेहरा माझ्यापासून दूर ठेवू शकशील का? चाचांची आठवण त्या चेहऱ्यानं पुन्हा ताजी होत होती. दास्तान रचणाऱ्यांना हा प्रसंग सुचला नसता. त्यांनी गळाभेट घडवून आणली असती.

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘दादीसारखं.’’

तिच्या मनात काय होतं ते मला कळलं. मागच्या रमजानमध्ये चाचांची सून चंद्रपूरच्या दवाखान्यात होती. घरात म्हातारे चाचा आणि लहान पोरं. अम्मीनं रोज संध्याकाळी इफ्तारीचा डबा भरून माझ्या हाती दिला. अकरा दिवस. एकदाही विचारलं नाही की चाचा काय म्हणाले. मी एकदा बोलून गेलो, ‘‘अम्मी, म्हणजे तुम्ही त्यांना माफ केलं?’’ अम्मी कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, ‘‘रोजेदाराला भाकर द्यायला माफी लागते का रे?’’

घरातल्या आम्हा पुरुषांना वाटत होतं की दोनच रस्ते आहेत. नातं जोडा नाहीतर तोडा. आमची सगळी भांडणं, सगळ्या पंचायती तिथेच अडतात. मध्यस्थ येतात, हात मिळवा म्हणतात आणि ज्याचा हात मोडला त्याच्याच घरावर मन मोठं करण्याचं ओझं टाकतात. माफी हा दुखावलेल्याचा हक्क आहे, त्याच्यावरचं कर्ज नव्हे. शरियतही खुनाच्या बाबतीत माफीचा अधिकार वारसांनाच देते, गावाला नाही. पण माफी न देताही डबा पाठवता येतो, जखम बांधता येते. हे अम्मीला माहीत होतं, आणि होक्काइडोच्या त्या शेतकऱ्याच्या मुलीलाही.

शेवटी पत्रिकेचा निर्णय अम्मीनंच केला. ‘‘तुम्ही जा. पोरीचा काय कसूर? मी येणार नाही.’’ नवरीसाठी तिनं पेटीतून जोडा काढून दिला.

आम्ही गेलो. चाचा मंडपाच्या दाराशी खुर्चीवर बसले होते. मी सलाम केला, त्यांनी उत्तर दिलं. मग त्यांनी माझ्यामागे पाहिलं, आणखी कोणी आलंय का ते. कोणी नव्हतं. त्यांनी मान खाली घातली आणि माझ्या मुलीला म्हणाले, ‘‘बेटी, जेवून जा. आणि दादीसाठी डबा घेऊन जा.’’

डबा आम्ही आणला. अम्मीनं तो उघडला, आम्हाला वाढलं आणि स्वतःही दोन घास खाल्ले.