कानस तुझ्याच हातात हवी

चि. बाळू,

परवा फोनवर तू सहज म्हणालास, "मामा, चेनसॉची चेन बोथट झाली की नवी घालायची, घासत कोण बसतं?" रात्रभर तेच डोक्यात होतं. त्याहून जास्त धास्ती घेतली ती दुसऱ्या गोष्टीची. चेनच्या दातापुढचा उंचवटा तू ग्राइंडरने सपाट केलास म्हणे! अरे, दाताने लाकूड किती खोल घ्यायचं ते तो उंचवटा ठरवतो. धारेपेक्षा तो जेमतेम 0.65 मिलिमीटर खाली हवा. जास्त उतरला की दात लाकडात रुततो, आणि चेन ज्यावर फिरते त्या बारचं टोक कुठे अडलं तर मशीन उसळून तोंडावर येतं. ती चेन आजच्या आज काढून ठेव.

धुऱ्यावरच्या बाभळीवर मशीन दाबून चालवतोस, हे तुझ्या आईने सांगितलं. धारेची चेन आपणहून आत शिरते, छिलके पाडते. पिठासारखा भुसा पडू लागला की थांबायचं. चेनच्या मापाचीच गोल कानस घ्यायची, साधारण 30 अंशांत धरायची आणि फक्त पुढे ढकलायची. मागे घेताना उचलायची. डावे-उजवे दात लांबीला सारखे ठेव, नाहीतर काप वाकडा जातो. 1946 च्या सुमारास अमेरिकेतल्या जो कॉक्सला ही डाव्या-उजव्या दातांची चेन सुचली, ती लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून. आपण आर्वीकडच्या संत्र्याच्या बागांत खोड पोखरणाऱ्या अळ्या पिढ्यान्‌पिढ्या पाहतो, औषध मारतो आणि पुढे जातो.

तुझ्या आजोबांनी कुऱ्हाड कधी दुसऱ्याच्या हाती धारेला दिली नाही. आपल्या वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरखे दाखवायला तुला बोट धरून मीच नेलं होतं ना? 1929 मध्ये गांधीजींच्या चरखा संघाने नव्या चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं. त्यात अट होती, यंत्र 20 वर्षं चाललं पाहिजे आणि देखभालीला वर्षाकाठी किमतीच्या 5 टक्क्यांहून जास्त लागता कामा नये. वर्ध्याच्या पोराने हत्यार वापरून फेकावं, हे मला सोसत नाही. ज्याला धार लावता येत नाही त्याने पातं हाती धरू नये.

आणि जळकं इंजिन ऑइल चेनला घालू नकोस. काम संपलं की चेनचा ताण सैल कर. तापलेली चेन थंड होताना आखडते.

रविवारी कानस घेऊन येतो. तोवर बाभळीला हात लावू नकोस. हेल्मेटला जाळी आहे का, ते आधी कळव.

तुझा
मामा