रात्रपाळी आणि पैगाम

आमच्या घरात आम्ही तिघी जावा. तिघींचे स्वभाव तीन, पण मालिका बघण्याच्या बाबतीत एकमत. भाकऱ्या, भांडी, मुलांचे अभ्यास उरकले की इशाच्या नमाजनंतरचा तासभर आमचा. मधलीच्या मुलीने एकदा मोबाइलवर एक जपानी मालिका लावून दिली. नाव उच्चारताना जीभ अडखळते: 'कोई वा त्सुझुकु यो दोकोमादेमो'. जपानच्या टीबीएस वाहिनीवर २०२० च्या जानेवारी ते मार्चमध्ये तिचे दहा भाग झाले होते. भाषा कळण्याचा प्रश्नच नव्हता. खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी मुलगी वाचून सांगायची आणि आम्ही चेहरे बघायचो.

गोष्ट साधी आहे. शाळेत शिकणारी एक मुलगी रस्त्यात कोसळलेल्या बाईला वाचवणारा तरुण डॉक्टर बघते. त्याच्यासाठी पाच वर्षे मेहनत करून नर्स होते आणि त्याच्याच हॉस्पिटलात, हृदयविकाराच्या वॉर्डात येते. बघते तर डॉक्टर भलताच कडक. गोड शब्द म्हणून नाही. चूक झाली की सगळ्यांसमोर बोलतो. ती रडते, पण पुन्हा कामाला लागते. ती पेशंटच्या उशाशी कशी बसते, हे तो लांबून बघत राहतो. त्याच्याही मनात एका गेलेल्या माणसाचे दुःख आहे. दोघांचे जुळते, पण फार सावकाश.

आमच्या धाकटीला पहिल्या तीन भागांतच कंटाळा आला. "अगं, हे बोलणार तरी कधी?" मुलगी हसून म्हणाली, "चाची, वॉर्डात असंच असतं. बोलायला वेळ कुठे असतो? माणूस कामातूनच कळतो."

तिने सहज म्हटले, पण आम्ही तिघींनी एकमेकींकडे बघितले. कारण ही मुलगी स्वतः नर्स आहे.

तीन वर्षांचा जीएनएम कोर्स करून ती परभणी शहरातल्या एका खासगी दवाखान्यात लागली. जिंतूर, पाथरी, गंगाखेडकडून पेशंट येतात. सोबतचे लोक फडक्यात भाकरी-चटणी बांधून आणतात आणि रात्री व्हरांड्यातच चादर टाकून झोपतात. मध्यरात्री कुणाची सलाइन संपते, कुणाचा ताप चढतो, कुणी म्हातारी घाबरून लेकाला हाका मारते. सगळ्यांना एकच आधार, सिस्टर. सकाळी मुलगी घरी येते तेव्हा तिचे डोळे लाल असतात. तिच्या पगारातून धाकट्या भावाची फी जाते आणि अम्मीजानच्या, म्हणजे आमच्या सासूबाईंच्या, बीपीच्या गोळ्या येतात.

दोन वर्षांत तिला पाच रिश्ते आले. नांदेडचा, जालन्याचा, हिंगोलीचा आणि दोन जिल्ह्यातलेच. मुलगी पसंत, खानदान पसंत, बिर्याणीचीही तारीफ. मग चहाच्या वेळी कुणीतरी हळूच विचारायचे, "रात की ड्यूटी भी करती क्या?" एका बाईंनी तर पुढे विचारले, "मर्दों के वॉर्ड में भी जाती?" तिथेच बात तुटायची. एका घराने निकाहच्या आधीच नोकरी सोडण्याची अट घातली. आम्ही नकार कळवला, पण त्या रात्री घरात कुणाला नीट जेवण गेले नाही.

आपल्या घरातली बाई दवाखान्यात असली की आपण आधी काय विचारतो? लेडी नर्स आहे ना? रात्री तिच्याजवळ कुणी बाईमाणूस असेल ना? म्हणजे नर्स आपल्याला हवी आहे. ती कुणाची तरी मुलगी असावी, फक्त आपली सून असू नये.

आमचे सासरे जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत मास्तर होते. जपानी मालिकेची चर्चा त्यांच्या कानावर गेली तेव्हा म्हणाले, "यात नवल काय? आपल्या सोलापूरच्या डॉक्टरची हीच तर गोष्ट आहे." मग त्यांनी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची हकिगत सांगितली.

कोटणीसांचा जन्म १९१० चा, सोलापूरचा. जपानने चीनवर हल्ला केला तेव्हा काँग्रेसने १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला पाठवले. त्यांत तरुण कोटणीस होते. बाकीचे पुढे परतले, हे तिथेच राहिले. डोंगराळ भागात, लढाईच्या तोंडावर जखमींची ऑपरेशने करत राहिले. चिनी भाषा शिकले. त्याआधी तिथे कॅनडाचे डॉ. बेथ्यून काम करत होते. ऑपरेशन करताना बोट कापले, विष अंगात भिनले आणि १९३९ मध्ये ते वारले. त्यांच्या नावाच्या हॉस्पिटलाचे प्रमुखपद पुढे कोटणीसांकडे आले. तिथल्या वैद्यकीय शाळेत गुओ चिंगलान नावाची तरुणी नर्सिंग शिकवत होती. लढाई सुरू, औषधांची टंचाई. अशा ठिकाणी फुले द्यायला कुणाला सवड असणार? दोघांनी एकमेकांचे काम बघितले. १९४१ मध्ये लग्न झाले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये मुलगा झाला, त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मूल चार महिन्यांचेही नव्हते, तेव्हा ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस फेफऱ्याच्या झटक्याने गेले. वय अवघे बत्तीस. चिंगलान २०१२ पर्यंत जगल्या. सोलापूरच्या सासरशी त्यांनी नाते राखले, भारतात येऊन गेल्या.

या हकिगतीवर ख्वाजा अहमद अब्बास यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. कोटणीस स्वतः शांताराम झाले, चिंगलान जयश्री. अब्बांनी तो बघितला होता. ते म्हणाले, "मौत समोर असताना माणूस नाटक करू शकत नाही. जो जसा असतो तसाच दिसतो." ज्या जपानच्या हल्ल्यामुळे कोटणीस चीनला गेले, त्याच जपानची मालिका बघताना आम्हाला ही गोष्ट कळली.

हे सगळे लिहायचे कारण वेगळेच आहे. यंदा मुलीला सहावा पैगाम आला. तोही तिच्याच दवाखान्यातून. मुलगा तिथल्या लॅबमध्ये टेक्निशियन, घर मानवतचे. आधी त्याने आईला सांगितले आणि आई रीतसर आमच्या दारी आली. म्हणाली, "मेरा बेटा बोला, दो साल से देख रहा हूँ, मरीज कैसा भी हो, इसकी आवाज ऊँची नहीं होती." दोघांचे बोलणे कधी रिपोर्ट आणि नमुन्यांच्या बाटल्यांपलीकडे गेलेले नव्हते.

तरीही घरात वादळ उठले. "आधीपासून काहीतरी असणार," थोरले म्हणाले. "मोहल्ला काय म्हणेल?" मुलीच्या आईच्या तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा पलंगावर पडलेल्या अम्मीजान उठून बसल्या. "बीबी खदीजांनी हुजूरांना पैगाम पाठवला, तो काय बघून? तिजारतीतली इमानदारी बघून. काम बघून माणूस पसंत करणं गुनाह आहे, हे कुठल्या किताबात लिहिलंय? आणि मदिन्यात मस्जिदीतल्या तंबूत जखमींना बघणाऱ्या रुफैदा कोण होत्या? त्यांना कुणी विचारलं होतं का, मर्दांची पट्टी का बांधता?"

कुणी काही बोलले नाही. नंतर आम्ही तिघींनी मुलीला स्वयंपाकघरात घेऊन विचारले. तुझे काय म्हणणे? ती बराच वेळ कोथिंबीर निवडत राहिली. मग म्हणाली, "त्यांना रातपाळी काय असते ते माहीत आहे. मला समजावून सांगावी लागणार नाही."

इतकेच बोलली. आधीच्या पाच घरांपैकी एकालाही हे कळले नव्हते. त्यांनी तिला अर्धा तास बघितले होते, नवी ओढणी घेऊन, हातात चहाचा ट्रे घेऊन. या मुलाने तिला दोन वर्षे बघितले आहे, थकलेली, वैतागलेली, उपाशी आणि तरीही पेशंटशी मऊ बोलणारी. रिश्ता जुळवताना आपण अखलाक बघतो म्हणतो. तो चहाच्या ट्रेवर दिसतो की वॉर्डात?

थोरल्यांनी अजून 'हो' म्हटलेले नाही. ईदनंतर मानवतची मंडळी पुन्हा येणार आहेत. तोवर आम्ही तिघी जावांनी आपसात एक ठरवून ठेवले आहे. मेहर किती, मंडप कुठे, जेवणात काय, हे पुरुषांनी ठरवावे. आमची एकच अट आहे आणि ती निकाहनाम्यात लिहून घ्यायची आहे. मुलगी नोकरी सोडणार नाही, रात्रपाळीसुद्धा.