तोफांच्या काळातील तीन वाद्ये : देब्युसीची १९१५ ची सोनाटा

१/
सप्टेंबर १९१५. पहिले महायुद्ध सुरू होऊन वर्ष उलटले होते. उत्तर फ्रान्सचा मोठा भूभाग जर्मन सैन्याच्या ताब्यात होता आणि दोन्ही बाजूंचे लाखो तरुण खंदकांत अडकले होते. त्याच वेळी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, दिएपजवळच्या पूरव्हील या लहानशा गावी, त्रेपन्न वर्षांचा एक आजारी संगीतकार फ्लूट, व्हायोला आणि हार्प या तीन मृदू वाद्यांसाठी सोनाटा लिहीत होता. त्याचे नाव क्लॉद देब्युसी.

२/
युद्धाच्या पहिल्या वर्षात त्याच्या हातून जवळजवळ काहीच लिहून झाले नव्हते. वय आणि प्रकृती पाहता सैन्यात जाणे शक्य नव्हते. बंदूक हाती धरण्याचा प्रसंग आपल्यावर कधी आलाच नाही, असे त्याने आपला प्रकाशक ज्याक द्युराँ याला कळवले होते. माणसे मरत असताना सुरांची जुळवाजुळव करणे शोभते का, हा प्रश्न त्याला छळत होता. मार्च १९१५ मध्ये त्याची आईही गेली.

३/
जुलैमध्ये तो सहकुटुंब पूरव्हीलला आला आणि तिथे बांध फुटावा तसे झाले. अवघ्या तीन महिन्यांत दोन पियानोंसाठीची एक रचना, पियानोचे बारा अभ्यास, चेलो सोनाटा आणि पाठोपाठ ही त्रिवाद्य सोनाटा पूर्ण झाली. आपण हे स्वतःसाठी लिहीत नसून, शत्रू कितीही असले तरी फ्रेंच विचार नष्ट होणार नाही याचा एक लहानसा पुरावा म्हणून लिहितो आहोत, अशा आशयाचे पत्र त्याने द्युराँला धाडले.

४/
योजना सहा सोनाटांची होती. मुखपृष्ठ अठराव्या शतकातील फ्रेंच पुस्तकांच्या धर्तीवर सजवले गेले आणि त्यावर नावापुढे दोन शब्द छापले गेले : ‘फ्रेंच संगीतकार’. त्यांत एक राजकीय अर्थ होता. बेथोव्हेनपासून सोनाटा म्हणजे जर्मन-ऑस्ट्रियन परंपरेची मिरासदारी, असा समज रूढ होता. देब्युसीने ती परंपरा बाजूला ठेवून त्यापूर्वीच्या कूपराँ आणि रामो या फ्रेंच पूर्वसूरींकडे पाहिले.

५/
आधी या रचनेत व्हायोलाच्या जागी ओबो होता. फुंकीची दोन वाद्ये आणि हार्प, असा तो बेत. पुढे त्याने ओबो वगळून व्हायोला घेतला, आणि या बदलाने रचनेचा स्वभावच पालटला. व्हायोला व्हायोलिनपेक्षा पंचमाने खालचा. त्याचा आवाज किंचित धुरकट. गज फिरवला की तो फ्लूटसारखा स्वर लांबवतो आणि बोटाने तार छेडली की हार्पच्या जवळ जातो. दोन परक्यांमध्ये तो दुभाष्या झाला.

६/
हार्पचीही एक कथा आहे. पॅरिसमधील वाद्यनिर्माता सेबास्तिएँ एरार याने १८१० मध्ये तिला नवी यंत्रणा बहाल केली. पायाशी सात पेडल, सात मूळ स्वरांसाठी एकेक, आणि प्रत्येकाच्या तीन स्थिती. वादकाची बोटे तारांवर असतात, तेव्हा त्याचे पाय सतत सूर बदलत असतात. श्रोत्याला ऐकू येते ती झऱ्यासारखी सहजता. तिच्यामागचे कष्ट त्याला दिसत नाहीत.

७/
सोनाटेचे भाग तीन. पहिला ‘पास्तोराल’, म्हणजे गोपजीवनाची आठवण; दुसरा जुन्या दरबारी मिन्युएट नृत्याच्या लयीतला; तिसरा वेगवान आणि निग्रही. पहिल्या भागाची सुरुवातीची धून तिसऱ्याच्या शेवटाजवळ क्षणभर परत येते. घाईने निघालेल्या माणसाने दारातून एकदा मागे वळून पाहावे, तशी. सारे मिळून सुमारे सतरा-अठरा मिनिटे.

८/
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थबकावे. त्या काळातील पत्रांत देब्युसी जर्मनांबद्दल कडवट लिहितो. त्याच उन्हाळ्यातील दोन पियानोंच्या रचनेत, युद्धात मारल्या गेलेल्या एका परिचिताला अर्पण केलेल्या भागात, ल्यूथरच्या प्रार्थनागीताची धून शत्रूची खूण म्हणून वाजते. या सोनाटेत मात्र कोणी शत्रूच नाही. कूच नाही, रणवाद्य नाही, विजयाची घोषणाही नाही. मुखपृष्ठावर ध्वज आहे. आतल्या पानांवर तो कुठेच सापडत नाही. ही रचना भयंकर उदास आहे आणि ती ऐकून हसावे की रडावे, कदाचित दोन्ही, हे मलाच कळत नाही, असे त्याने पुढे एका मित्राला लिहिले.

९/
ऑक्टोबरमध्ये तो पॅरिसला परतला. ७ डिसेंबर १९१५ रोजी त्याच्यावर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर बराच काळ लेखणी जवळजवळ थांबली. ‘फ्रेंच संगीतकारा’ची ही कृती जाहीरपणे प्रथम वाजली तीही फ्रान्सबाहेर : ७ नोव्हेंबर १९१६ रोजी, बोस्टनच्या जॉर्डन हॉलमध्ये. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेली नव्हती. कार्यक्रम ज्या लाँजी क्लबने केला, त्याचा संस्थापक फ्रेंच ओबोवादक होता. ज्या वाद्याला रचनेतून रजा मिळाली, त्याच वाद्याच्या माणसाकडून तिचे स्वागत झाले.

१०/
पॅरिसमध्ये ती १० डिसेंबर १९१६ रोजी द्युराँच्या घरी, मोजक्या लोकांसमोर वाजली. व्हायोलावर होता चोवीस वर्षांचा दारियुस मियो, पुढे स्वतःच नामवंत झालेला संगीतकार. तो ज्यू होता. १९४० मध्ये नाझी फौजा फ्रान्समध्ये शिरल्यावर त्याला देश सोडून अमेरिका गाठावी लागली. एका युद्धात या सोनाटेची साथ करणारा हात दुसऱ्या युद्धात निर्वासित झाला.

११/
सहापैकी तीनच सोनाटा झाल्या. तिसरी, व्हायोलिन आणि पियानोची, १९१७ ची. चौथीत ओबो, हॉर्न आणि हार्पसिकॉर्ड यायचे होते. वगळलेल्या ओबोला तिथे जागा मिळणार होती. ती कधी मिळाली नाही. २३ मार्च १९१८ पासून लांब पल्ल्याच्या जर्मन तोफेचे गोळे पॅरिसवर पडू लागले आणि २५ मार्चला त्याच शहरात देब्युसीने प्राण सोडला. युद्ध संपायला अजून साडेसात महिने होते.

१२/
या तीन वाद्यांचा मेळ त्याच्यापूर्वीही योजला गेला होता. तेओदोर द्युब्वा याची अशी रचना १९०५ ची आहे. पण हा मेळ रुजला तो देब्युसीमुळे. १९९२ मध्ये जपानच्या तोरु ताकेमित्सु यानेही याच तीन वाद्यांसाठी लिहिले. आज एखाद्या छोट्या सभागृहात हे तिघे वादक बसतात, तेव्हा कार्यक्रमाच्या मध्यभागी बहुधा हीच सोनाटा असते.

युद्धाचा इतिहास आपण नकाशे, तह आणि मृतांचे आकडे यांतून वाचतो, आणि तसा वाचायलाच हवा. त्या कागदपत्रांच्या शेजारी ही अठरा मिनिटेही ठेवावीत. भोवती सारे मोडत असताना एका माणसाला काय मोडू द्यायचे नव्हते, याची नोंद तिथे आहे. ऐकताना १९१५ हे साल मात्र विसरू नये.