चौदा सेंटचं भांडण

संपादकांनी विषय देतानाच बजावलं होतं : नवशिक्याने घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक संगीत करायला सुरुवात कशी करावी ते लिहा, पण तांत्रिक नको, वाचकांच्या डोक्यावरून जाईल. मी हो म्हटलं. ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग यांवरच ज्याचं पोट आहे, त्याचा असला शब्द कुठवर टिकतो, ते पुढे दिसेलच.

विसर्जन झालं की मला फोन सुरू होतात. “मुलाला डीजे व्हायचंय. लॅपटॉप कोणता घेऊ?” मी विचारतो, त्याला दुसऱ्यांची गाणी वाजवायचीत की स्वतःची करायचीत? पलीकडून उत्तर येत नाही. मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंतीसमोर उभं राहून ज्यांची मतं तयार झाली, त्यांच्या लेखी हे सगळं एकच : बटण दाबायचं आणि कानठळ्या बसवायच्या. शून्यातून एक आवाज घडवणं, त्याखाली ठेका बांधणं, मग आठवडाभर त्यातलं नको ते काढत बसणं, याला काम म्हणतात हे घरच्यांना पटवतानाच अनेकांची उमेद संपते.

लॅपटॉप घरात आहे तोच चालेल. ॲपलचा असेल तर गॅरेजबँड फुकट मिळतं. नसेल तर रीपर उतरवून घ्या, 60 दिवस वापरून बघा आणि आवडलं तर पैसे भरा, फार नाहीत. एफएल स्टुडिओ आणि एबलटन लाइव्ह ही नावं पोरांच्या तोंडी असतात. दोन्ही उत्तम, पण ‘क्रॅक’ टाकू नका. सर्ज एक्सटी आणि व्हायटल हे सिंथेसायझर फुकट आहेत आणि एका माणसाला वर्षभर पुरून उरतील. हेडफोन वायरचाच घ्या. ब्लूटूथवर बोट आधी पडतं आणि आवाज मागून येतो.

आणि कृपा करून भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. त्याने शेजाऱ्यांना होणारा त्रास तसूभरही कमी होत नाही. खरी अडचण खोलीच्या मापाची असते. दहा बाय दहाच्या खोलीत 56 हर्ट्झच्या आसपासचा आवाज समोरासमोरच्या भिंतींमध्ये घुमतो, आणि लांबी-रुंदी सारखी असल्यामुळे दोन्ही दिशांनी घुमतो. किक ड्रमचं वजन साधारण तिथेच असतं. भिंतीला पाठ टेकून बसलेल्या मुलाला बेस फार वाटतो म्हणून तो कमी करतो, आणि गाडीत गाणं लावलं की बेस गायब! खोलीच्या बरोबर मधोमध बसला तर याच्या उलट होतं. म्हणून पहिलं वर्ष हेडफोनवरच काढावं.

सामानाचं एवढं पुरे. मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

नवा प्रोजेक्ट उघडला की त्यात काही गोष्टी कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेल्या असतात. लय बहुतेक ठिकाणी मिनिटाला 120. ठेका चार मात्रांचा. आणि सप्तकात बारा स्वर, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. पहिल्या दोन गोष्टी पडद्यावर लिहिलेल्या असतात. रूपक हवा असेल तर चाराच्या जागी सात टाकता येतात. तिसरी गोष्ट कुठेच लिहिलेली नसते, त्यामुळे ती कुणीतरी ठरवलेली आहे हेही नवशिक्याला कळत नाही.

याच वर्षी एक मुलगी मित्राबरोबर स्टुडिओत आली. लहानपणापासून ख्याल शिकलेली, पट्टी काळी चार. मित्राने भूपावर एक ट्रॅक केला होता : खाली सिंथचा लांबलचक पॅड, त्यावर किक, आणि तिचा आलाप. आलाप गंधारावर थांबला की काहीतरी डळमळायचं. मित्राने आलेखात बघितलं तर तिचा गंधार रेघेच्या खाली. त्याने पिच करेक्शन लावून तो वर ओढला. डळमळ गेली, आणि तिचा गळाही परका झाला. तिने मला विचारलं, “सर, माझा गंधार उतरतो का?”

मी पॅड बंद केला, तानपुरा लावला आणि मूळ टेक वाजवला. गंधार असा काही बसला की तो मित्रही गप्प झाला.

आता थोडं गणित, संपादकांची क्षमा मागून. काळी चारचा सा 207.65 हर्ट्झ. तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तो साच्या पाचपट कंपनांचा असतो. दोन सप्तकं खाली आणला की साच्या सव्वापट, म्हणजे 259.56 हर्ट्झ. मुलगी तिथे गात होती. कीबोर्डचा गंधार 261.63 वर. शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर 100 सेंट धरलं तर हा फरक जेमतेम 14 सेंटचा. पण दोन्ही स्वर एकत्र धरले की सेकंदाला दोन हेलकावे येतात, वरच्या हार्मोनिकमध्ये त्याहून जलद. त्या मित्राला ऐकू येत होतं ते हेच. त्याचा कान बरोबर होता, फक्त आरोपी चुकला. पिच करेक्शनची साधनं 1997 साली ऑटो-ट्यून आल्यापासून घरोघरी पोचली, आणि त्यांची मूळची मोजपट्टी याच बारा सारख्या घरांची असते. ती पट्टी बदलता येते, पण ते बघायला जातो कोण?

मुलीचा प्रश्न अजून टोचतो. इतकी वर्षं तानपुऱ्याशी बसलेल्या गळ्याने पडद्यावरच्या एका रेघेसमोर मान टाकली.

गळ्याच्या आणि कीबोर्डच्या स्वरांचं हे भांडण नवं नाही, आणि त्यातला मोठा भाग आपल्याच मुलखात झाला. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. पुढे ते आणि क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश श्रुती-हार्मोनियमच्या मागे लागले, आणि 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून चांगलीच जुंपली. आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती 1971 पर्यंत टिकली. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम घडवली. शंभर वर्षं लोक लाकूड, पितळ आणि भाता घेऊन जे साधायला झगडले, ते आज सर्ज एक्सटीमध्ये एक छोटी ट्यूनिंग फाइल टाकून होतं. एबलटन लाइव्हच्या बाराव्या आवृत्तीतही ती सोय आली. वापरणारा मात्र विरळाच.

अर्थात फाइल टाकली की सुटलो, असंही नाही. सारखी अंतरं कुणी दुष्टाव्याने ठरवलेली नाहीत. नैसर्गिक गंधार-धैवत घेतले की सा-पला सगळं गोड लागतं, पण रिषभ आणि धैवत एकत्र धरून बघा. त्या दोघांमधला पंचम 22 सेंटनी आखूड पडतो आणि कानाला चावतो. ज्याला चार-चार कॉर्ड बदलत गाणं करायचंय, त्याला बारा सारखी घरंच सोयीची. म्हणून त्या भूपावर मी फाइलच्या वाटेला गेलोच नाही. पॅडमधून गंधार काढून टाकला, नुसते सा आणि प ठेवले. पंचमात कीबोर्डची चूक दोनच सेंटची, ती कुणाला कळत नाही. गंधार फक्त मुलीने घ्यायचा. मित्र म्हणाला, पॅड रिकामा वाटतो. वाटू दे, म्हटलं.

तरीही माझ्या या सगळ्या तावातावावर पाणी ओतणारी एक रेकॉर्ड आहे. मुंबईच्या स्टुडिओंत सिनेमाच्या गाण्यांना साथ करणाऱ्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. रोलंडचा ज्युपिटर-8 सिंथ, टीआर-808 ड्रम मशीन आणि टीबी-303 बेस मशीन, एवढंच सामान. तेव्हा तिला फारसं कुणी विचारलं नाही. 2010 मध्ये पुन्हा निघाली तेव्हा परदेशातल्या लोकांनी ठरवलं की शिकागोच्या ॲसिड हाउसच्या पाच वर्षं आधीच हे मुंबईत झालं होतं. शोध कुणी लावला या वादात मला रस नाही. शिकागोच्या पोरांनी ती रेकॉर्ड ऐकली नव्हती आणि चरणजित सिंगांना त्यांची चळवळ ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. मला छळते ती दुसरीच गोष्ट. त्या रेकॉर्डवर भूपही आहे, आणि त्याचा गंधार कीबोर्डचाच, चौदा सेंट चढा. 303 एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरते, ती मींड म्हणून चालून जाते, आणि आपण पाय हलवत राहतो. मग माझं म्हणणं चूक का? माहीत नाही. कदाचित आजच्या कानांना चढा गंधारच घरचा वाटत असेल, आणि त्या मुलीच्या गुरूंचा गंधार पाहुणा.

नवशिक्याने निकाल माझ्याकडून घेऊ नये. खऱ्या तानपुऱ्याचं काळी चारमधलं रेकॉर्डिंग प्रोजेक्टमध्ये आणा. त्यावर इक्वलायझर लावा, एक बँड शक्य तितका अरुंद करा आणि 1038 हर्ट्झपाशी वर उचला. तारेत लपलेला गंधार वेगळा गाऊ लागेल. तो चालू ठेवून सिंथच्या साध्या साइन वेव्हवर त्याच सप्तकातला कीबोर्डचा गंधार धरा. सेकंदाला आठेक हेलकावे येतात. ते ऐकू आले तर पुढचं सामान घ्यायला दुकानात जा. नाही आले तर तानपुरा तसाच चालू राहू द्या आणि उद्या पुन्हा बसा, त्याला पैसे पडत नाहीत.