पावत्या, कंस आणि टेस्ट

जावात टेस्ट लिहायच्या म्हटलं की जेयुनिट. कोणतं फ्रेमवर्क घ्यावं, हा प्रश्नच नोकरीत कधी पडला नव्हता. हौस म्हणून कॉमन लिस्प शिकायला घेतली आणि त्याच सवयीने शोधायला गेलो, तर नावांची रांगच लागली: आरटी, लिस्प-युनिट, फाइव्हएएम, प्रूव्ह, रोव्ह, पॅराशूट. लिस्पमध्ये मुरलेला एक मित्र म्हणाला, "आधी स्वतःचं लिही. मग कळेल इतकी का आहेत ते."

त्याने पीटर सायबेलच्या 'प्रॅक्टिकल कॉमन लिस्प' (२००५) या पुस्तकातलं नववं प्रकरण वाचायला लावलं. त्यात टेस्ट फ्रेमवर्क वाचकाच्या डोळ्यांदेखत उभं राहतं आणि सगळं मिळून तीसएक ओळींत संपतं. खरी करामत 'चेक' नावाच्या मॅक्रोची. फंक्शनला दिलेल्या अटीचं फक्त उत्तर पोचतं, खरं किंवा खोटं. मॅक्रोला ती अट जशीच्या तशी, कंसांसकट मिळते, कारण लिस्पमध्ये कोड म्हणजेही यादीच. त्यामुळे टेस्ट नापास झाली की नेमकी कोणती अट कोसळली, हे छापून येतं. त्यासाठी वेगळा मजकूर लिहावा लागत नाही. आणखी एक बारकावा मला फार आवडला. अटी नुसत्या 'अँड'ने जोडल्या तर पहिली नापास होताच पुढच्या तपासल्याच जात नाहीत. म्हणून सायबेल त्यांच्यासाठी वेगळा मॅक्रो लिहितो, सगळ्या अटी चालवणारा. एका दुपारी हे सगळं हाताने टाइप केलं आणि मित्राचं म्हणणं पटलं. जी गोष्ट दुपारभरात होते, ती प्रत्येक जण आपापल्या चवीने करणारच.

पण ते वापरायला लागलो आणि उणिवा दिसू लागल्या. टेस्ट कंपाइल झाली की तिच्यात मॅक्रोचा त्या वेळचा विस्तार गोठतो. मॅक्रो बदलला तरी टेस्ट जुन्याच विस्तारावर पास होत राहते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले ख्रिस रीसबेक यांनी लिस्प-युनिटमध्ये यावर सरळ तोडगा काढला आहे: टेस्टचा मजकूर यादी म्हणूनच जपायचा आणि चालवताना कंपाइल करायचा. फाइव्हएएम तर टेस्ट कधी कंपाइल व्हावी हेच आपल्याला ठरवू देतं. आरटी या सगळ्यांत म्हातारं. एमआयटीत रिचर्ड वॉटर्स यांनी ते १९९०च्या सुमारास लिहिलं. दिसायला अगदी साधं, पण पॉल डीट्झ यांचा कॉमन लिस्पच्या प्रमाणित व्याख्येची कसोटी घेणारा हजारो टेस्टचा संच त्याच्यावरच चालतो.

मी शेवटी मार्को बारिंजर यांचं फाइव्हएएम घेतलं. निमित्त होतं आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्यांचं. लिस्पच्या 'फॉरमॅट'ला आकड्यांत स्वल्पविराम घालता येतात, किती अंकांनी घालायचे तेही सांगता येतं. पण अंतर एकच ठेवावं लागतं. आधी तीन, मग दोन-दोन हा आपला लाख-कोटींचा हिशेब त्याला ठाऊक नाही. म्हणून उजवीकडून तुकडे पाडणारं फंक्शन लिहिलं. फाइव्हएएममध्ये 'इझ' म्हणून अट लिहिली की नापास झाल्यावर अपेक्षित काय होतं आणि आलं काय, दोन्ही दिसतं: हवं होतं १२,३४,५६७, मिळालं १,२३४,५६७.

मजा पुढे आली. फाइव्हएएममध्ये 'फॉर-ऑल' आहे. आपण फक्त नियम सांगायचा. आकडे तेच मनाने निवडतं आणि मुळात शंभर वेळा तपासतं. पहिला नियम दिला: स्वल्पविराम काढले की मूळ आकडा परत यायला हवा. सगळं हिरवं. दुसरा नियम दिला: प्रत्येक स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना अंकच हवा. लगेच लाल. उणे आकड्यांत वजाचं चिन्ह एकटं पडून त्याच्यापुढे स्वल्पविराम बसत होता, '-,१२,३४,५६७' असा. आगाऊ पैसे भरणाऱ्या सभासदाची बाकी उणेच निघते. अशी पावती त्याच्या हाती पडली असती तर वार्षिक सभेत मला उभं केलं असतं.

फाइव्हएएममध्ये टेस्ट नापास होताच डीबगर उघडण्याची सोयही आहे, आणि माझ्या मते लिस्पमध्ये टेस्ट लिहिण्याचं खरं सुख तिथेच आहे. प्रोग्रॅम मरत नाही, जागच्या जागी थांबतो. चलांच्या किमती पाहा, फंक्शन दुरुस्त करा, 'टेस्ट पुन्हा चालवा' हा पर्याय निवडा आणि पुढे चला. लाल अक्षरांचा अहवाल वाचून पहिल्यापासून सुरू करण्याची जावातली सवय इथे गळून पडते.

याच जिवंतपणाचा एक तोटाही आहे. फाइलमधून खोडलेलं फंक्शन चालू सत्रात तसंच शिल्लक असतं आणि टेस्ट त्याच्या जिवावर पास होऊ शकते. म्हणून कोड दुसऱ्या कुणाला देण्याआधी एसबीसीएल (मी वापरतो ते लिस्प) बंद करून नव्याने सुरू करतो आणि 'टेस्ट-सिस्टिम' या आज्ञेने सगळ्या टेस्ट चालवतो.

तुम्ही लिस्प शिकत असाल तर सायबेलचं ते प्रकरण वाचून फ्रेमवर्क एकदा स्वतः लिहाच. मॅक्रो समजून घ्यायला त्याहून चांगला धडा मला माहीत नाही. मात्र कामासाठी फाइव्हएएम घ्या.