प्रवरेचे बुडालेले बांध

भंडारदरा पाहावा तो श्रावणात, असा सर्वसाधारण प्रघात आहे; रतनगडाच्या कड्यांवरून उतरणाऱ्या असंख्य जलधारा, काठोकाठ भरलेला जलाशय आणि खाली रंध्याच्या कड्यावरून प्रवरेने घेतलेली उडी यांचा मोह कोणास पडणार नाही? परंतु ज्यास हा जलाशय नुसता पाहावयाचा नसून समजून घ्यावयाचा आहे, त्याने वैशाखाच्या अखेरीस, पाणी उतरून धरणाचे पोट उघडे पडले असता, तेथे काठावर मुक्काम करावा, असे माझे मत या प्रवासात पक्के झाले.

घोटीचा फाटा सोडला की रस्ता भाताच्या कोरड्या खाचरांमधून वळणे घेत चालतो आणि बारी गावाशी कळसूबाईचे शिखर, 1646 मीटरांच्या आपल्या साऱ्या उंचीनिशी, एकाएकी समोर ठाकते. तेथून शेंडी जवळच. शेंडीस पोहोचताच विल्सन धरणाची भिंत दिसते. 1910 साली आरंभिलेले, 1926 साली पुरे झालेले आणि मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव धारण करणारे हे दगडी बांधकाम सुमारे 82 मीटर उंच असून त्याच्या पाठीशी अकरा अब्ज घनफूट पाणी साठते. 1969 साली भिंतीस तडे गेले, तेव्हा तिचे मजबुतीकरण करावे लागले. पण पाण्याचा क्रम मोडला नाही. येथून सुटणारे पाणी प्रवरेच्या पात्राने आणि कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपुराकडे जाते. 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीस जो सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचा ऊस याच पाण्यावर वाढला. खालच्या सपाटीवर जे वैभव नांदते, त्याचे मूळ या डोंगरांच्या कुशीत आहे, ही गोष्ट सपाटीवर राहणाऱ्यास सहसा आठवत नाही.

मुक्कामासाठी आम्ही मुरशेतच्या बाजूचा काठ निवडला. हा सारा टापू 1986 सालापासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या शेजाराने वनखात्याच्या नियमांत आलेला. त्यामुळे झाड तोडावयाचे नाही, मनास येईल तेथे विस्तव पेटवावयाचा नाही, आणि तंबू ठोकावयाचा तो गावकऱ्यांनी दाखविलेल्या जागी. हे निर्बंध मला जाचक न वाटता दिलासा देणारे वाटले. जेवण गावातल्याच एका घरातून आले: नाचणीची भाकरी, पिठले आणि लसणीचा ठेचा. काळोख पडल्यावर मागच्या उतारावरील हिरड्या-बेहड्यांवर आणि सादड्यांवर काजव्यांनी झाडेच्या झाडे एका लयीत उजळविण्यास प्रारंभ केला. दुर्दैव एवढेच, की काही अंतरावर उतरलेल्या एका मंडळीने मोठे दिवे लावून ध्वनिवर्धकाचा गोंगाट मांडला, आणि त्या प्रखर उजेडाच्या कक्षेत सापडलेली झाडे पाहता पाहता विझली. काजव्यांचे लुकलुकणे म्हणजे नराने मादीस घातलेली साद असते. ती साद बुडवून टाकणारा दिवा हा त्यांच्या वंशावरच घाला होय, आणि याबाबत वनखात्याने कितीही कडक अंमल केला तरी मी त्यास अनुकूल राहीन.

पहाटे तांबडे फुटण्यापूर्वी गावातील एका वृद्ध गृहस्थांबरोबर, ज्यांना सारे बाबा म्हणत आणि मीही तसेच म्हणू लागलो, मी गळ टाकण्यास निघालो. बाबा महादेव कोळी. कोळी हे नाव ऐकून समुद्रकाठच्या दर्यावर्द्यांची आठवण होते. परंतु सह्याद्रीतील हा समाज पिढ्यान्‌पिढ्या भात आणि नाचणी पिकविणारा, हिरडा गोळा करणारा, डोंगरी शेतकऱ्यांचा समाज आहे. धरणाने जमीन घेतली तेव्हा बाबांच्या घराण्याची नदीकाठची खाचरे पाण्याखाली गेली, आणि त्यांच्या आज्याने उतारवयात जाळे विणावयास शिकून घेतले.

त्या पहाटे जे मी पाहिले त्याचे मर्म येथेच आहे. उतरलेल्या पाण्याच्या कडेने आम्ही चाललो असता भेगाळलेल्या गाळातून दगडी बांधांच्या रांगा वर आलेल्या दिसत होत्या. त्या तशाच पुढे पाण्यात उतरत जाऊन दिसेनाशा होत. बाबा पाण्याकडे पाहतच नव्हते. ते बांधांकडे पाहत होते. एका ठिकाणी थांबून त्यांनी वेळूची काठी जमिनीत रोवली आणि म्हणाले, "हितून चवथा बांध पाण्याखाली हाय. मोठा मासा त्याच्या आडोशालाच ऱ्हातो, साहेब."

"तुम्ही तो बांध पाहिला आहे, बाबा?"

"पानी लई आटलं त्या सालाला पायलाय. न्हाईतर आज्यानं सांगितलं, बापानं सांगितलं."

मोरपिसाच्या देठाची तरंगती खूण दोरीस बांधून, गळाला पेंड आणि कणकेची गोळी लावून त्यांनी दोरी किती सोडावी हे बोटांनी मोजले. कारण या जलाशयात सोडलेल्या माशांचे थर ठरलेले असतात. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, आणि मृगळ तळाचा गाळ उकरून पोट भरतो. मूळचे गंगेच्या खोऱ्यातले हे तिन्ही मासे मत्स्यबीज सोडून दख्खनच्या तलावांत वसविले गेले आहेत. धरणातून आवर्तन सुटले की पाणी खाली ओढले जाते आणि मासा कडेपासून दूर सरतो; म्हणून दूरच्या उसासाठी दरवाजे केव्हा उघडले, हे बाबांना पाटबंधारे खात्याच्या फलकावाचून, कालच्या ओल्या रेषेवरून कळते. बराच वेळ पिसाचा देठ निश्चल राहिला; मग तो एकदम आडवा झाला, बुडाला, आणि काठी अशी वाकली की मी दोन्ही हातांनी ती धरून ठेवली. बाबांनी मला घाई करू दिली नाही. मासा ओढील तेव्हा द्यावे, थांबेल तेव्हा घ्यावे, असे ते हळूच सांगत राहिले. अखेर किनाऱ्याशी आला तो तांबूस पंखांचा, अंगाने भरलेला रोहू.

त्यानंतर गळास एक लहान खडस लागला. मोठ्या, सोनेरी झाक असलेल्या खवल्यांचा हा महाशीर आपल्या नद्यांचा मूळ रहिवासी. कर्नल साइक्स यांनी गेल्या शतकाच्याही आधी, 1839 च्या सुमारास, पुण्याच्या मुळा-मुठेतील माशांवरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले, आणि 1970 च्या आगेमागे मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्यास त्याची कृत्रिम पैदास करून दाखविली. बाबांनी हात पाण्यात भिजवून गळ अलगद सोडविला व मासा परत सोडला. हा पावसाळ्यात वाहत्या पाण्यात चढून अंडी घालणारा मासा. आता धरला तर पुढे काय, एवढेच त्यांचे म्हणणे.

धरणाच्या पोटातील उघडी पडणारी जमीन गाळपेरीसाठी एकसाली पट्ट्याने देण्याची सरकारची जुनी वहिवाट आहे, आणि मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय खाते सामान्यतः सहकारी संस्थांना देते. या दोन्ही बाबतींत ज्यांची खाचरे बुडाली त्यांच्या वारसांचा हक्क अग्रक्रमाने, लेखी आणि कायमचा असावा, असे मला त्या काठावर उभे असता तीव्रतेने वाटले. आपल्या आज्याच्या शेतावरील पाण्यात गळ टाकावयास माणसाला दरसाल नव्याने परवानगी मागावी लागू नये.

ऊन चढल्यावर आम्ही माघारी फिरलो. मृगाच्या पहिल्या पुराबरोबर ओढ्यांतून चढणीचे मासे वर जातात आणि पुष्कळ ठिकाणी ते अंड्यांसकट टोपल्यांनी धरले जातात, हे मला ठाऊक असल्याने मी बाबांना त्या दिवसांविषयी विचारले.

"त्या दिवसांत आमची आवनी असती. जाळं टाकायला सवड कुनाला?" असे म्हणून त्यांनी वरच्या उताराकडे बोट केले. तेथे, पाणी कधीच पोहोचणार नाही अशा उंचीवर, राब भाजून काळी झालेली एक पट्टी होती. रोहिणी लागताच तीत धूळवाफेने भात पेरावयाचे होते, आणि बियाणे घरी निवडून ठेवलेले होते.