परदेशाचा अर्ज आणि पुस्तकांची पेटी

कारंजा म्हटले की लोकांना गुरुमंदिर आठवते. श्रीनृसिंह सरस्वतींचे हे जन्मगाव. जैन बांधवांना इथली जुनी मंदिरे आठवतात, व्यापाऱ्यांना कापूस. आम्हाला विचाराल तर दिल्ली, दारव्हा, मंगरूळ, पोहा या चार वेशी आणि त्यांच्या आसपास दाटीवाटीने बसलेले मोहल्ले. पण या गावाची आणखी एक ओळख आहे, ती गावालाच फारशी ठाऊक नाही. प्राकृत आणि अपभ्रंश शिकणाऱ्यांच्या जगात कारंजा हे ग्रंथांचे गाव आहे. इथल्या जैन भांडारांत शेकडो वर्षे कापडात गुंडाळून ठेवलेल्या पोथ्या होत्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी 1920 नंतरच्या काळात त्या धुंडाळल्या आणि पुढे ‘कारंजा जैन ग्रंथमाले’त पुष्पदंताची काव्ये छापून निघाली. ज्या गावात आम्ही लहानाचे मोठे झालो, त्याचे नाव दूरदूरच्या विद्यापीठांतल्या पुस्तकांवर छापलेले आहे, हे आम्हाला पन्नाशीच्या आसपास कळले.

पोथ्या जपणे आणि पुस्तक वाचायला देणे या मात्र दोन निराळ्या गोष्टी. भांडाराने पोथ्या जपल्या, त्याचे उपकारच आहेत. आमच्या मोहल्ल्यातही एक कपाट होते. त्यात दीनी किताबे होती, थोडी उर्दू शायरी होती, आणि त्याची किल्ली एका बुजुर्गांच्या शेरवानीच्या खिशात असायची. कोणीही यावे, बसावे, वाचावे आणि त्याची जात-बिरादरी कोणी विचारू नये, ही कल्पना आपल्याकडे फार उशिरा आली. ती ज्या राज्यकर्त्याने सर्वांत आधी मनावर घेतली तो मराठी माणूस होता, याचा मात्र आम्हाला अभिमान वाटतो.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा पोर. 1875 मध्ये दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला अक्षरओळखही नव्हती. ते सयाजीराव गायकवाड. 1893 मध्ये त्यांनी अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि 1906 मध्ये ते साऱ्या राज्यात नेले. पण पोर चौथी शिकून शेतावर गेले आणि पुढे त्याच्या हाती पुस्तकच पडले नाही तर काय? अक्षरे विसरतात. अमेरिकेच्या दौऱ्यात महाराजांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. 1910 मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणला. तो 1913 पर्यंत राहिला. तेवढ्या काळात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, ग्रंथपाल घडवणारे वर्ग निघाले, आणि गावोगावच्या वाचनालयांसाठी नियम झाले: गावाने वर्गणी जमवायची, तेवढीच रक्कम प्रांताने आणि तेवढीच सरकारने घालायची. जिथे वाचनालय नव्हते तिथे पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी जायची. लोकांनी पुस्तके वाचायची, पेटी पुढच्या गावाला. मध्यवर्ती ग्रंथालयात बायकांसाठी वेगळा विभाग होता, मुलांसाठी खेळाची खोली होती. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही!

याच राज्याने होतकरू तरुणांना परदेशी पाठवले. बडोद्यात गायनशाळा काढणाऱ्या मौलाबक्षांचे चिरंजीव अलाउद्दीन खाँ पठाण संगीत शिकायला लंडनच्या रॉयल अकॅडमीत गेले ते महाराजांच्या मदतीने. आणि 1913 च्या जूनमध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाने करारावर सही केली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदा सरकारची नोकरी.

कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी किती वाचले, हे पुन्हा सांगायला नको. आम्हाला नेहमी आठवते ती त्यांची परतीची गोष्ट. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली त्यांची पुस्तके वेगळ्या जहाजाने येत होती. महायुद्धाचे दिवस. ते जहाज पाणतीराने बुडाले. करारानुसार ते 1917 मध्ये बडोद्याला रुजू झाले, तर शहरात त्यांना राहायला कोणी खोली देईना. खोटे नाव सांगून एका पारशी सराईत ते राहिले. थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि दिवस मावळायच्या आत निघून जायला बजावून गेले. ते बागेत जाऊन बसले, आणि मग मुंबईची गाडी.

ज्या राज्याने एका माणसाला न्यूयॉर्कला पाठवले, त्या राज्याच्या राजधानीला त्याला चार भिंतींची एक खोली देता आली नाही. यात महाराजांचा दोष काढण्यात अर्थ नाही. शिष्यवृत्ती एका माणसाला उचलून नेते. गाव असते तिथेच राहते. गाव हलवायचे काम पेटीतल्या पुस्तकांचे होते, आणि ते काम सावकाश होते. 1917 मध्ये ती पुस्तके गावोगाव फिरू लागून उणीपुरी सहा-सात वर्षे झाली होती.

आता आमच्या वऱ्हाडाचे काय? आमची तऱ्हाच निराळी. 1853 पासून कारभार इंग्रजांचा, कागदावर मालकी निजामाची. 1902 मध्ये वऱ्हाड इंग्रजांनी कायमच्या पट्ट्याने घेतला, वर्षाला 25 लाख रुपये खंडाने. तो खंड हैदराबादच्या तिजोरीत जमा व्हायचा. त्याच हैदराबादच्या निजामाने 1895 मध्ये सरोजिनी चट्टोपाध्याय या सोळा वर्षांच्या मुलीला शिष्यवृत्ती देऊन इंग्लंडला पाठवले. पुढे त्या सरोजिनी नायडू झाल्या. हैदराबादेत 1891 पासून आसफिया कुतुबखाना लोकांसाठी खुला होता. आमच्या वाट्याला काय आले? जिनिंग-प्रेसिंग आणि मूर्तिजापूर-यवतमाळ ही शकुंतला रेल्वे. कापसाच्या गाठी कारंज्याहून मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला आणि पुढे विलायतेला. कारंज्याचा कापूस विलायतेला सरकारी सोयीने गेला, कारंज्याचे पोर नाही! वऱ्हाडातून शिकायला गेले ते पंजाबराव देशमुखांसारखे, घरच्या शेतीच्या जोरावर. ज्यांना शेतीच नव्हती, त्यांनी शकुंतलेच्या डब्यात गाठी चढवल्या. आमचे दादा त्यांतलेच. ती गाडीही आता बंद आहे.

मग स्वराज्य आले, महाराष्ट्र झाला, 1967 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. अ, ब, क, ड असे वर्ग पडले, त्याप्रमाणे अनुदान. पुस्तकांसाठी कर बसवायचे धाडस मात्र आपल्या कायद्याने केले नाही. म्हणून वाचनालय अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसते आणि ग्रंथपालाचा पगार तरी किती, ते विचारूच नये.

परदेशाची दारेही उघडमीट करतात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजाची सवलत देणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना 2013-14 मध्ये आली आणि 2022 मध्ये गुंडाळली गेली. त्यानंतर राज्य सरकारने अल्पसंख्याकांसाठी परदेशी शिष्यवृत्ती सुरू केली, हे चांगलेच झाले. जागा मोजक्या, जगातल्या नामांकित विद्यापीठात आधी प्रवेश मिळवून दाखवायचा.

आमच्या भाचीने हा अर्ज भरायचे ठरवले आहे. औषधनिर्माणशास्त्राची पदवी तिने चांगल्या गुणांनी घेतली. दोन खोल्यांच्या घरात सात माणसे; एका खोलीत टीव्ही, दुसरीत शिलाईमशीन. एकदा म्हणाली, “मामू, फॉर्म तो मैं भर दूंगी, पन पढने कू बैठू कां?” आम्ही तिला पैशांचे गणित समजावत होतो, आणि ती टेबल-खुर्ची मागत होती. खासगी अभ्यासिकेत महिन्याचे पैसे पडतात, आणि संध्याकाळी तिथल्या मुलांच्या गर्दीत लेकीला पाठवायला तिची अम्मी राजी नाही. गावातल्या वाचनालयात वर्तमानपत्रांभोवती पुरुषमंडळी. कोणी हाकलत नाही, पण कोणी सरकूनही बसत नाही.

तेव्हा आम्ही चौघांनी मोहल्ल्याच्या शादीखान्याची खालची खोली मागितली. दोन बैठका झाल्या. एक बुजुर्ग म्हणाले, पोरी घरी वाचतात की! दुसरे म्हणाले, विजेचे बिल कोण भरणार? तिसऱ्यांनी हिशेबाची वही मिटली आणि म्हणाले, “दे दो भाई, खाली तो पडी है.” बिलासाठी वर्गणी काढली. सरकारचा आणि प्रांताचा हिस्सा घालायला सयाजीराव नाहीत, तेव्हा तिन्ही हिस्से आमचेच.

दुपारी तीन ते सात खोली मुलींसाठी असते. पहिल्या आठवड्यात चौघी आल्या, आता अकरा येतात. दहावीवाल्या आहेत, नर्सिंगवाली आहे, एक सून आहे जी बाळाला सासूजवळ ठेवून तलाठी भरतीचा अभ्यास करते. पुस्तके एका पत्र्याच्या पेटीत आहेत, कारण कपाट अजून मिळालेले नाही. पेटीला आम्ही कुलूप लावलेले नाही.

अट एकच आहे: लग्न असेल त्या दिवशी खोली रिकामी करून द्यायची. मे महिन्यात शादीखाना जवळजवळ रोज लागलेला असतो, आणि भाचीची इंग्रजीची परीक्षा मेच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. त्या दिवसांत अकरा मुलींना कुठे बसवायचे, यावर पुढच्या जुम्याला नमाजनंतर पुन्हा बैठक ठेवली आहे.